देणे आणि दान

लखनौच्या दक्षिण अंगाला, रायबरेली मार्गाच्या कडेने, उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेल्या वृंदावन योजनेत माझे वास्तव्य आहे. या वसाहतीच्या पंधराव्या सेक्टरातील विस्तीर्ण मैदानावर 2020 च्या फेब्रुवारीत पाच दिवस ‘डिफेक्स्पो’ हे संरक्षणसामग्रीचे प्रदर्शन भरले होते, आणि त्यानंतर तीन वर्षांनी वृंदावन योजनेतच देशोदेशींच्या गुंतवणूकदारांची परिषद झाली. प्रदर्शनाच्या अखेरीस सामान्य जनांना प्रवेश खुला झाला तेव्हा मीही त्या गर्दीत मिसळलो होतो, आणि तोफा व चिलखती गाड्या यांच्या ओळींमधून हिंडताना एका लहानशा गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले. काही दालनांत मालाची माहिती देणाऱ्या फलकाच्या शेजारीच दुसरा एक फलक लावलेला होता व त्यावर त्या कंपनीने बांधलेल्या शाळा, खोदून दिलेल्या विहिरी आणि खेड्यांतून फिरविलेला दवाखाना यांची चित्रे होती. या दोन फलकांच्या मध्ये हातभर मोकळी भिंत होती. त्या हातभर मोकळ्या जागेने पुढे मला पुष्कळ विचार करावयास लावले.

मराठीत ‘देणे’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. हात पुढे करून दुसऱ्याच्या ओंजळीत घालणे हे जसे देणे, तसेच दुकानदाराच्या चोपडीत ‘येणे’ या सदरासमोर जे लिहिले जाते तेही देणेच. पहिल्यात औदार्य आहे, दुसऱ्यात ऋण आहे, आणि भाषेने दोहोंना एकच शब्द दिला तो काही दारिद्र्यामुळे दिला असे मला वाटत नाही. ‘दान’ म्हटले की दाता वर आणि घेणारा खाली असे चित्र आपोआप उभे राहते. ‘देणे’ म्हटले की दोघे एका हिशेबात समोरासमोर बसतात. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने असे ठरविले की, ठराविक मर्यादेपलीकडे निव्वळ मालमत्ता, उलाढाल अथवा नफा असलेल्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा 2 टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा. या कायद्याने देशात बरेच काम उभे राहिले आहे व ते नाकारण्याचे मला कारण नाही. परंतु त्यायोगे एक समजही रूढ होऊ पाहतो आहे, तो असा की, कारखानदाराचे समाजाशी असलेले नाते या 2 टक्क्यांत सामावलेले आहे आणि उरलेले 98 टक्के हा त्याचा खासगी मामला आहे. हा समज चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी मला लखनौहून दूर, कृष्णाकाठच्या एका माळरानावर जावे लागेल.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावनजीकच्या गुर्लहोसूर या गावी झाला. ‘सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. वडिलांचा ओढा वेदान्ताकडे, मुलाचा यंत्रांकडे व चित्रांकडे. तेव्हा 1885 साली वडिलांची नाराजी पत्करून आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना रंगांची पुरती पारख नसल्याचे, म्हणजे अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळून आले व चित्रकाराचा मार्ग खुंटला. त्यांनी तो सोडला आणि यंत्रांची रेखाकृती काढण्याची विद्या हस्तगत केली, जिला रंग लागत नाही, रेषा लागते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तीच विद्या शिकवू लागले. दरम्यान 1888 पासून बेळगावात ‘किर्लोस्कर बंधू’ ही पाटी लागलेली होती आणि दुकानात सायकली विकल्या जात होत्या. पुढे न्यायाने त्यांच्या वाट्यास यावयाची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. हा मानभंगाचा प्रसंग चरित्रकार नेहमी रंगवून सांगतात. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की, परतलेल्या माणसाने दुसरी नोकरी शोधली नाही, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार करावयास घेतला.

त्या नांगराची कथा पुष्कळांना ठाऊक आहे, पण तिच्यातून जो बोध घेतला जातो तो मला मान्य नाही. नांगर तयार झाला आणि विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. येथवर हकीगत सांगून सांगणारे बहुधा शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवितात आणि उद्योजकाच्या चिकाटीचे पोवाडे गातात. वस्तुतः ज्या माणसाचे अवघे वर्ष एका पेरणीवर अवलंबून असते, ज्याच्या मागे सावकाराचे दप्तर आणि पुढे मृगाचे नक्षत्र असते, त्याने परक्या अवजाराविषयी शंका घेणे हे अज्ञान नव्हे, तो त्याच्या हाती असलेला एकमेव विमा होय. प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नग वाया जातो, शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. लक्ष्मणरावांची थोरवी मला अशी दिसते की, त्यांनी त्या शंकेचा उपहास केला नाही. त्यांनी नांगर सुधारला. फाळ लवकर झिजतो म्हणताच फाळाचे बीड बदलावयाचे, बैलांना ओढणे जड जाते म्हणताच वजन तोलावयाचे, अशी ही विद्या आहे, आणि ती ग्राहकाचे बोलणे खरे मानल्यावाचून साध्य होत नाही.

कारखानदाराचे समाजास पहिले देणे हेच होय, आणि ते त्याच्या मालातच असावे लागते. जो नांगर खोलवर जातो, चार हंगाम टिकतो, तुटला तर त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो आणि ज्याची किंमत रयतेला झेपते, तो नांगर म्हणजेच एक लोकोपकारी कृत्य आहे. आणि जो माल हे करीत नाही त्याच्या नफ्यातून बांधलेली धर्मशाळा ही फार तर प्रायश्चित्त आहे. वृंदावन योजनेच्या हद्दीबाहेर मोहनलालगंजच्या वाटेने गेले की अजून भातखाचरे लागतात, आणि तेथे आषाढात पाऊस ओढ देतो तेव्हा डिझेलवर चालणारी ‘इंजने’ रात्रभर धडधडत असतात. त्यांतल्या एकावर मी देवनागरीत ‘किर्लोस्कर’ हे नाव वाचले. इंजन राखणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यास ते कोणा माणसाचे आडनाव आहे याची कल्पना नव्हती. त्याच्या लेखी ते त्या वस्तूचेच नाव होते. लक्ष्मणरावांनी पुढे वसविलेल्या किर्लोस्करवाडीचा मूळ कारखाना 1920 च्या दशकात पंपांकडे वळला, आणि डिझेल इंजिनांचा खडकीचा कारखाना लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी 1946 साली उभारला. परंतु बेळगावात दोन वर्षे न खपलेल्या नांगराची ती थेट संतती आहे असे मी समजतो. दात्याचे नाव विसरले जाऊन वस्तू तेवढी उरावी याहून निर्मळ दान ते कोणते?

आता किर्लोस्करवाडी. बेळगावात कारखाना मूळ धरू लागला असताना तेथील नगरपालिकेने जागा रिकामी करण्याचा हुकूम काढला. त्याच सुमारास, 1909 मध्ये, औंध संस्थानाच्या गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. स्वतः चित्रकार, व्यायामाचे पुरस्कर्ते आणि लक्ष्मणरावांचे स्नेही असलेल्या या राजाने आपल्या मुलखात वाटेल ती जागा निवडावी असे सांगितले. सदर्न मराठा रेल्वेवरील कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन निवडण्यात आली. ती अगदी नापीक होती. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याचा दुष्काळ. लागवडीखालची चांगली जमीन कारखान्याखाली घालवावयाची नाही असा काही नियम तेव्हा कोणी लिहून ठेवला नव्हता, तरी घडले ते तसेच घडले. 1910 साली लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे घेऊन तेथे उतरले. जमशेदपूरची पायाभरणी होऊन थोडीच वर्षे झाली होती. तेथे टाटांच्या भांडवलाचा डोंगर होता, येथे राजाने दिलेले कर्ज आणि कामगारांनी टाकलेला विश्वास.

गाव वसविण्याचे काम रामूअण्णांनी शिरावर घेतले. यंत्रांच्या बाजूस शंभूराव जांभेकर, जमाखर्चास मंगेशराव रेगे, पडेल त्या कामास के. के. कुलकर्णी, आणि शाळा अर्धवट सोडून आलेले पण कल्पक यंत्रकार झालेले अनंतराव फळणीकर अशी ही मंडळी. यांची यादी मी मुद्दाम देतो आहे, कारण उद्योगपतींची चरित्रे एका माणसाची असतात आणि कारखाना कधीही एका माणसाचा नसतो. फळणीकरांसारख्या, परीक्षेच्या दृष्टीने ‘अपुऱ्या’ ठरलेल्या माणसाला यंत्रापाशी उभे करून त्याच्या हातातील गुण ओळखणे हे शिष्यवृत्ती वाटण्याहून अवघड काम आहे. शिष्यवृत्तीला गुणपत्रिका पुरते, याला डोळा लागतो.

वृंदावन योजनेच्या सेक्टरांतून फिरताना मला कित्येकदा त्या 32 एकरांची आठवण होते. येथे रस्ते रुंद आहेत, बागांच्या जागा राखलेल्या आहेत, जवळच संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारखे थोर रुग्णालय आहे. आवास परिषदेच्या आखणीला नावे ठेवावीत असे काही नाही. तरीदेखील येथील माणसे सकाळी दहा दिशांना कामास जातात व रात्री परततात, आणि शेजाऱ्याचा व्यवसाय कोणता हे वर्षानुवर्षे कळत नाही. योजना कागदावर पूर्ण होते, पण गाव व्हावयाला माणसांमध्ये समाईक काहीतरी असावे लागते, समाईक विहीर, समाईक देऊळ, समाईक काम. किर्लोस्करवाडीत ते समाईक काम होते, आणि त्याच्या आधाराने पाणी, दिवे, शाळा, करमणूक व स्वच्छता यांची व्यवस्था लागली. याहून मोठी गोष्ट ही की, लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. ते देवधर्माच्या आचारात रमणारे नव्हते. आणि एकाच साच्यात बीड ओतणारे हात पाण्याच्या घागरीपाशी वेगळे का व्हावेत, या प्रश्नाला त्यांच्या कारखान्यात उत्तर नव्हते. आज हे वाक्य लिहावयास सोपे आहे. 1910 नंतरच्या दक्षिण महाराष्ट्रात, जातीजातींच्या आळ्या आखलेल्या मुलखात, एका गावाने असे वागणे म्हणजे काय याची कल्पना वाचकाने करावी.

किर्लोस्करवाडीच्या इतिहासातील जी दोन नावे मला सर्वांत मोलाची वाटतात ती ना इंजिनियरांची आहेत ना व्यवस्थापकांची. तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग या दोघांनी दरोड्याच्या गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगलेली होती, आणि या दोघांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीस ठेवले. येथे लखनौच्या वाचकास एका जुन्या जखमेची आठवण करून देणे अगत्याचे आहे. जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरविणारा 1871 चा कायदा प्रथम लागू झाला तो वायव्य प्रांत, पंजाब आणि हाच आमचा अवध या मुलखांत; 1911 साली तो अवघ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लावण्यात आला, आणि रामोश्यांसारख्या जमाती पोलिसांच्या हजेरीत सापडल्या. तो कायदा रद्द व्हावयास 1952 साल उजाडले. म्हणजे सरकार ज्या वर्षांत जमातीच्या नावावरून माणसाला चौकीवर हजेरी लावीत होते, त्याच वर्षांत एक कारखानदार तशाच माणसाच्या हाती कोठाराच्या किल्ल्या देत होता. त्या दोघांनी तो विश्वास अखेरपर्यंत पाळला असे इतिहास सांगतो. दयेपोटी त्यांना अन्न देता आले असते, वस्त्र देता आले असते. ते दान झाले असते. त्यांना जबाबदारी दिली गेली, आणि जबाबदारी ही अशी वस्तू आहे की, ती वरून खाली टाकता येत नाही, समोरच्याच्या हातातच ठेवावी लागते. पुढे याच औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत काढली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला, हे सर्वश्रुत आहे. राजा आणि कारखानदार यांपैकी कोणी कोणापासून काय घेतले हे ठरविण्याच्या भरीस मी पडत नाही. दोघांच्या मुलखाची हवा एक होती एवढे खरे.

लखनौ शहरास औदार्याचा स्वतःचा मोठा वारसा आहे, आणि तो बाजूला ठेवून मला पुढे जाता येणार नाही. 1784 च्या दुष्काळात नबाब आसफुद्दौला याने बडा इमामबाडा बांधावयास काढला तो भुकेल्यांना काम मिळावे म्हणून, असे येथे परंपरेने सांगतात. त्याच परंपरेत अशीही हकीगत आहे की, दिवसा मजूर जे बांधीत त्याचा काही भाग रात्री पाडला जाई, आणि रात्रीच्या अंधारात ते काम खानदानी माणसे करीत. हेतू हा की, त्यांची अब्रू झाकली जावी आणि काम लवकर संपू नये. या कथेत जी नाजूक माणुसकी आहे तिला मी मनोभावे प्रणाम करतो. खांबांच्या आधारावाचून उभा असलेला तो प्रचंड दिवाणखाना पाहताना भुकेची व कलेची अशी सांगड अन्यत्र कोठे असेल काय असे मनात येते. परंतु पाडण्यासाठी बांधलेल्या भिंतीत मजुराचे पोट भरते, हात वाढत नाही. दुष्काळ सरला की तो मजूर जसा आला तसा परत जातो. नबाब मात्र कायमचा दाता होऊन बसतो. कारखान्यात मजूर शिकाऊ म्हणून येतो आणि कारागीर होऊन बाहेर पडतो. मालकाशी त्याचे भांडण झाले तरी लेथवरची त्याची विद्या मालकास काढून घेता येत नाही. न परत घेता येण्याजोगे जे दिले जाते तेच खरे दिले गेले, ही माझी कसोटी आहे, आणि तिच्यावर नबाबाच्या इमामबाड्याहून वाडीची ओतशाळा अधिक उतरते.

या कसोटीस उतरणारी आणखी एक गोष्ट वाडीने दिली, तिच्याकडे उद्योगाचे अभ्यासक क्वचितच वळतात. 1920 साली किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय मर्यादित कंपनी झाला, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. आरंभी त्यात नांगर, चरक आणि कारखान्याची बातमी यांहून फारसे काही नसावे हे स्वाभाविकच होते. त्याचेच पुढे 1929 मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, 1930 मध्ये ‘स्त्री’ निघाले, 1934 मध्ये ‘मनोहर’. विज्ञाननिष्ठा, स्त्रीशिक्षण, रूढींचा फेरविचार यांविषयीचे वादविवाद महाराष्ट्राच्या माजघरापर्यंत नेण्याचे काम या मासिकांनी केले. पुण्यामुंबईच्या विद्वानांनी नव्हे, एका नांगर बनविणाऱ्या वाडीने ते आरंभले, याचे कारण मला असे दिसते की, ज्याला लोखंडी फाळ खपवावयाचा आहे त्याला आधी लोखंडाविषयीचा ग्रह दूर करावा लागतो, आणि एक ग्रह दूर करावयास बसलेला माणूस प्रामाणिक असेल तर त्याला दुसऱ्या ग्रहापाशी थांबता येत नाही.

येथवर मी लक्ष्मणरावांच्या बाजूने बोललो. आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे मांडले पाहिजे, कारण ते दुबळे नाही. मालकाने वसविलेल्या गावात मालकच घरमालक असतो, तोच शाळेचा चालक, तोच दिवा-पाण्याचा कारभारी. तेव्हा कामगाराला नोकरीवरून वाद घालावयाचा तर तो छप्पर गमावण्याच्या तयारीनेच घालावा लागतो. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमन याने आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कामगारांसाठी असेच आदर्श नगर वसविले होते. मंदी येताच त्याने मजुरी कापली, घरभाडे मात्र कापले नाही, आणि 1894 चा तो इतिहासप्रसिद्ध संप पेटला. मायबाप मालक हा चांगला असला तर कामगारांचे भाग्य, वाईट असला तर दुर्दैव; परंतु भाग्यावर उभी असलेली व्यवस्था ही न्यायाची व्यवस्था नव्हे. हा आक्षेप मी पूर्णतया मान्य करतो. 1948 चा कारखान्यांचा कायदा, त्याच सालचा राज्य विमा कायदा, 1952 चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यांनी जे हक्क कामगाराच्या पदरात घातले ते हजार लक्ष्मणरावांच्या सद्भावनेवर सोडता आले नसते, सोडूही नयेत. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, हे कायदे ज्या मसुद्यांवरून झाले ते आकाशातून पडले नाहीत. कारखान्यात उजेड असावा, पाणी असावे, अपघाताची भरपाई असावी, ही गोष्ट शक्य आहे व तिने कारखाना बुडत नाही, हे आधी कोणीतरी आपल्या भिंतींच्या आत करून दाखवावे लागते. सनद देणारे सरकार असते, दाखला घालून देणारा माणूस असतो.

याहून कठीण प्रश्न 1948 च्या आरंभाने विचारला आहे. 30 जानेवारीस गांधीजींची हत्या झाली, मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे जाळण्यात आली, आणि त्या वणव्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जातिभेद न पाळणाऱ्या वाडीला तिच्या धन्याच्या जातीसाठी आग लावली जावी याचे दुःख कोणत्याही सुजाण माणसाला होईल, आणि त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. पण दुःख व्यक्त करून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वाडीला लागून असलेले कुंडल हे काही निद्रिस्त खेडे नव्हते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे ते एक प्रमुख केंद्र होते, त्या सरकारचे एक पुढारी जी. डी. बापू लाड तेथलेच. 1943 पासून या पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या मुलांनी इंग्रजी अंमल झुगारून आपला न्यायनिवाडा आपण चालविला होता. अशा जागृत मुलखाच्या मधोमध, रेल्वेरुळांच्या कडेला, दिव्यांनी उजळलेली, नळाचे पाणी असलेली एक वाडी उभी होती. कुंपणाच्या आत समता होती हे खरे. कुंपण होते हेही खरे. आतल्या माणसांना जे मिळाले ते बाहेरच्यांना दिसत होते, आणि दिसणे व मिळणे यांतील अंतर जेथे मोठे असते तेथे औदार्यसुद्धा वैभवासारखे भासू लागते. आग लावणारे हात कोणाचे होते याचा निवाडा मी करीत नाही. मी एवढेच नोंदवितो की, पुढे कारखाना पुन्हा उभारला गेला, आणि वाडी सोडून जाण्याचा मार्ग किर्लोस्करांनी पत्करला नाही.

याच्या नऊ वर्षे आधी लक्ष्मणरावांचे मित्र बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. 1939 च्या जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे, त्यांनी आपल्या संस्थानाची सत्ता प्रजेच्या पंचायतींच्या स्वाधीन केली. राजाने राज्य दिले. कारखानदार कारखाना देऊ शकतो काय, द्यावा काय, याचे उत्तर आपल्या देशाने अजून शोधलेले नाही. आपल्या लखनौत कानपूर रस्त्यावर सरकारी मालकीचा स्कूटरांचा कारखाना होता, 1972 साली स्थापन झालेला. 2021 मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हा मालकी सरकारची झाल्याने कामगाराचे भवितव्य सुरक्षित होते असेही म्हणता येत नाही. सहकाराचा तिसरा मार्ग पश्चिम महाराष्ट्राने साखरेच्या धंद्यात चोखाळला, आणि त्याचे यशापयश हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझ्या मते लक्ष्मणरावांच्या कार्यातील हीच उणीव होय, आणि ती त्यांची एकट्याची नव्हे: त्यांनी काम दिले, विद्या दिली, विश्वास दिला, पण निर्णयातील वाटा देण्याची रीत त्यांच्या काळाला ठाऊक नव्हती, आपल्या काळाला ठाऊक आहे आणि तरी आपण ती देत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी किल्ल्यांवरच्या जुन्या, निकामी तोफा नांगरांसाठी वितळवावयास दिल्या अशी हकीगत प्रसिद्ध आहे. पंधराव्या सेक्टरातील त्या मैदानावर तोफांच्या ओळीतून चालताना ती मला आठवली होती. राष्ट्राला तोफाही लागतात, हे मी जाणतो, आणि उत्तर प्रदेशात संरक्षणसामग्रीचे जे कारखाने उभे राहत आहेत, ज्यांच्या सहा केंद्रांत लखनौ एक आहे, त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. येथील तरुणांना कामासाठी मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागू नये अशी माझी इच्छा आहे. त्या कारखान्यांकडून माझी अपेक्षा मात्र दुसऱ्या फलकाची नाही. तेथे येणारा शिकाऊ मुलगा पाच वर्षांनी कोणते काम स्वतंत्रपणे करू शकेल, कंत्राटावर घेतलेल्या माणसाला कायम होण्याची वाट कोणती, भट्टीपाशी भाजला तर त्याच्या घरची तजवीज काय, कुंपणापलीकडच्या खेड्याला त्या कारखान्याचे पाणी मिळेल की त्या खेड्याचेच पाणी कारखाना घेईल, हे पहिल्या फलकावरच लिहिलेले मला पाहावयाचे आहे.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, 1969 साली, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. त्याच्या पुष्कळ आधी रेल्वेने कुंडल रोड स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी केले होते. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांत दरवर्षी उद्योजकांचे सत्कार होतात, शालश्रीफळ दिले जाते, आणि मानपत्रात देणग्यांचे आकडे वाचले जातात. त्या समित्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, यापुढे मानपत्राचा मसुदा करण्यापूर्वी त्यांनी त्या उद्योजकाच्या कारखान्यात जावे, पाळी सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहावे, आणि बाहेर पडणाऱ्या कामगारांपैकी चार जणांशी बोलून मग लेखणी हाती घ्यावी.